महोगनीची तब्येत

प्रिय ताई,

आठवतं का, रविवारी केस धुऊन आपण दोघी बोर्डिंगच्या मागच्या पायरीवर बसायचो, तू तुझी चार तारांची युकुलेली वाजवायचीस आणि गाण्याच्या वहीचं पान उडू नये म्हणून मी ते पायाच्या अंगठ्यानं दाबून धरायची? (सिस्टरांनी एकदा पाहिलं आणि वहीला पाय लावला म्हणून मला कोपऱ्यात उभं केलं. तू वाजवतच होतीस.) तुझा गुडघा कसा आहे? उगाच जिने चढू नकोस. आम्ही दोघं बरे आहोत. युकुलेलीचं मात्र सविस्तर सांगायला हवं.

शनिवारी तुझा धाकटा येणार, त्याच्याकडे ती नातीसाठी द्यायची, असं तू कळवलंस तेव्हापासून मी हे पत्र लिहायला घेते आहे. सासरी जाताना तू बजावलं होतंस, हिला ओलीपासून जप. मी जपलं. या घरात आल्यापासून माळ्यावर, गरम पाण्याच्या टाकीला टेकवून, अकरा वर्षं. गेल्या वर्षी काढली तर पाठ उभी चिरलेली, आणि तारा अडकवायची पट्टी सुटून हातात आली. व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेली. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, ही वाजवत होतात की भाजत होतात?"

पाच महिने लागले. आता तिचं महोगनीचं लाकूड असं चमकतं की तुला वाटेल, हिनं दुसरीच आणून ठेवली. तीच आहे. (तुझ्या सेफ्टी पिनचा ओरखडा मी त्याला घासू दिला नाही.) पण म्हाताऱ्याचं म्हणणं, यापुढे हिला ओल नको आणि कोरडंही नको. म्हणून साबणाच्या डबीला भोकं पाडून, आत ओला स्पंज घालून ती मी पेटीत ठेवली आहे आणि दिवसातून तीनदा हात लावून बघते. पंखा बंद असतो. हे म्हणतात, माझी गोळी विसरतेस, त्या लाकडाचं पाणी विसरत नाहीस. अशा तब्येतीची वस्तू सहा तास गाडीच्या डिकीत, ताई? अर्थात वस्तू तुझी, तू मोठी, मी कोण बोलणार.

तुझी,
धाकटी

ता. क. तब्येतीचं वर जरा वाढवून लिहिलं. म्हातारा खरं तर म्हणाला, रोज वाजवलीत तर हिला काही होत नाही. म्हणून मी रोज वाजवते. डॉक्टरीणबाईंनी आखडलेल्या बोटांना व्यायाम सांगितलाच होता, रबरी चेंडू दाबण्यापेक्षा हे बरं. तीन गाणी येतात, चौथं अर्धं. ताई, ती माझ्याकडे राहू दे.

ता. क. पुन्हा. धाकट्याकडे एवढं देते: दुरुस्तीत निघालेल्या, तारा पिळायच्या जुन्या खुंट्या तुला. नातीला नवी निळी युकुलेली (दुकानदार म्हणाला, त्या वयाच्या मुली निळीच मागतात). सूनबाईला मी विणलेला स्वेटर, बाह्या थोड्या लांब झाल्यात. महोगनी माझ्यामागे नातीची, तशी चिठ्ठी सोबत जोडली आहे. सही केलीस तर ती चिठ्ठी शनिवारी त्याच्याबरोबर पाठव. नाही केलीस तर युकुलेलीही मी निमूट त्याच्या हातात देईन. फक्त त्याला पाचनंतर यायला सांग, चार ते पाच मी वाजवते.