मामांचं नाव

३ ऑक्टोबर, प्रेनेस्ते
मामांना मारलं. रोमच्या सभागृहात, भर सकाळी, अकरा जणांनी मिळून.
निरोप्या आला तेव्हा द्राक्षं तुडवणं चाललं होतं. "जखमी आहेत की गेले?"
"गेले, धनी."
काम थांबवलं नाही. रस नासला असता. रडू येईल म्हणून वाट पाहिली – आलं नाही.

४ ऑक्टोबर
त्या अकरा जणांत लार्सियस दाजीही आहेत! ताईचा नवरा. मला घोड्यावर बसायला शिकवणारा माणूस.

५ ऑक्टोबर
मृत्युपत्र फोडलं. मामांनी मला दत्तक घेतलंय. वोपिस्कस हे नाव, घर, सत्ता – सगळं माझं. मला कधी विचारलंसुद्धा नाही! वर्षात दोनदा भेटायचे, तेही उभ्या उभ्या.
नाव घ्यायचं तर सूडही घ्यायला हवा. आमच्यात हे कुणाला सांगावं लागत नाही.

८ ऑक्टोबर, रोम
मामांना दिवाणखान्यात निजवलंय. कपडा सारून पाहिलं. मानेवरची जखम बोटाएवढी. एवढ्याशा भोकातून एवढा माणूस गेला.
दाराशी त्यांच्या जुन्या शिपायांचा नायक, मेत्तियस. म्हणाला, "आज हजार जण तुमच्या मागे आहेत, साहेब. गप्प बसलात तर उद्या शंभरही उरायचे नाहीत."

९ ऑक्टोबर
ताई आली. पाणीसुद्धा घेतलं नाही.
"अवलस, मामा राजा व्हायला निघाले होते. बरोबर-चूक मला विचारू नकोस. माझी दोन लेकरं आहेत रे."
"दाजी काय म्हणतात?"
"म्हणतात, अवलस शहाणा आहे, मुकाट द्राक्षांकडे परत जाईल."
हसू आलं. माझा बेत तोच होता! तिने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला. दाजींना हात लावणार नाही, असं मी वचन दिलं. मनापासून दिलं.

१० ऑक्टोबर
सूड नको, पण नाव सोडवेना. घेतलं. चौकात शिपाई "वोपिस्कस! वोपिस्कस!" ओरडले. मी मागे वळून पाहिलं – मामा आले की काय.

१२ ऑक्टोबर
मेत्तियसने वाटेत पकडलेलं पत्र आणलं. उत्तरेच्या फौजेला. अक्षर दाजींचंच.
'पोराला समेटाच्या बोलण्यात झुलवतो. हिवाळ्याआधी या. तो जिवंत राहता कामा नये.'
चारदा वाचलं. राग येत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर हेच लिहिलं असतं – फक्त अक्षर बदलून.
दाजींना समेटासाठी घरी बोलावलंय.

१४ ऑक्टोबर
दुपारी दाजी आले. एकटेच. "मोठा माणूस झालास रे!" म्हणाले. मी मिठी मारली, पाठीवरून हात फिरवला. झग्याखाली चिलखत नव्हतं.
मेत्तियसकडे पाहून मान डोलावली.
ताईला अजून कळवलेलं नाही.