बाईंना सांगू नका

कोथरूड, पुणे
१६ फेब्रुवारी २०२५

चि. अस्मिता,

अनेक आशीर्वाद. अर्णवचा खोकला थांबला का? ज्येष्ठमध उगाळून दे. इकडे पाण्याचं नेहमीचंच. सेक्रेटरींनी जिन्यात नवी पाटी लावली आहे, 'पाणी आले नाही तर आमची बेल वाजवू नये. आमच्याकडेही आलेले नसते.'

बघ, कशी टाळाटाळ चालली आहे माझी. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले, आणि लिहिते आहे खोकल्याबद्दल.

गेल्या रविवारी तू चपला न काढताच घरात आलीस. कुलवृत्तांताच्या कामात तू, केयूर आणि श्यामलाआत्या, तिघांनी हौसेनं डीएनएसाठी थुंकी तपासायला दिली होती. केयूरचं आत्यांशी जुळलं, तुझं दोघांशीही नाही. सख्खी आत्या, सख्खा चुलतभाऊ, आणि रक्तानं तुझं कोणीच नाही.

"आई, माझा बाप कोण?"

"अगं, हे काय समोर बसलेत."

"आता तरी खोटं बोलू नकोस."

तेव्हा हे मान खाली घालून चष्मा पुसत राहिले. मला वाटलं, धक्का बसलाय बिचाऱ्यांना. दया आली मला त्यांची.

अस्मिता, परक्या पुरुषाचा हातसुद्धा मी कधी हातात घेतलेला नाही. आईनं मुलीला हे लिहायची वेळ येऊ नये, पण लिहिते. विचार करकरून मला एकच आठवलं, दवाखाना. लग्नाला आठ वर्षं झाली तरी मूल नव्हतं, म्हणून आम्ही एका डॉक्टरांकडे उपचार घेतले होते. नवऱ्याचंच बीज नळीनं आत सोडतात, असं मला सांगितलं होतं.

मी ह्यांना म्हटलं, "अहो, तिथे अदलाबदल झाली असणार. डॉक्टर गेले, पण त्यांचा मुलगा दवाखाना चालवतो. उद्या जाऊन विचारू."

"नको. अदलाबदल झालेली नाही."

मला काही कळेचना.

"दोष माझ्यात होता," हे म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या कोणाचं वापरू. बाईंना सांगू नका, त्या तयार होणार नाहीत."

"कोणाचं?"

"मी विचारलं नाही."

सासूबाई मला चारचौघांत वांझ म्हणायच्या. कोणाचं डोहाळजेवण असलं की मला स्वयंपाकघरात बसवायच्या. दोष कोणाचा हे कळल्यावरही हे गप्प राहिले. माझ्या शरीरात काय घालायचं ते दोन पुरुषांनी ठरवलं, आणि मी आनंदानं पेढे वाटले! मला अजून रडूसुद्धा आलेलं नाही. भाजी चिरते, कपडे वाळत घालते, आणि मध्येच हात थांबतात. मग आपण काय करत होतो तेच आठवत नाही.

"अस्मिताला सांगू नकोस," हे म्हणाले. "तिच्या नजरेतून उतरेन मी."

"आणि मी उतरले त्याचं काय?"



तुझ्यावर त्यांनी जीव टाकला, हे मात्र खोटं नाही. तुला कावीळ झाली तेव्हा बढती सोडली, पण तुला सोडून नागपूरला गेले नाहीत. म्हणून ते तुझे कोण, ते तू ठरव. माझे कोण, ते ठरवायला मला वेळ लागेल. सध्या एका घरात आहोत, इतकंच.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. लिहून झालं की ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवीन आणि म्हणेन, "आता तुम्हीच नेऊन द्या." बस बदलत वाघोलीपर्यंत येतील. म्हणजे तू हे वाचत असशील तेव्हा ते तुझ्या दारात उभे असतील. आत घ्यायचं की नाही, ते मी सांगणार नाही. पाणी मात्र दे, ऊन फार आहे.

आणि त्यांना माझ्यासाठी एकच विचार. त्या रविवारी तू मला बोलत होतीस, तेव्हा तोंड का उघडलं नाही? मी विचारलं तर चष्मा पुसतात.

तुझी, आणि एवढं तरी तपासायची गरज नाही,
आई