झेनॉनचे दिवे आणि फाटकाचा खांब

ती. आत्याला साष्टांग नमस्कार.

तुझी तब्येत, तुझा गुडघा आणि शेजारणीशी चाललेलं तुझं भांडण, तिन्ही कशी आहेत ते कळव. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. (हे वाक्य लिहायचंच असतं म्हणून लिहिलं. पुढचं वाचल्यावर मी तुला पहिल्याच ओळीत फसवलं असं वाटू नये, म्हणून हा कंस.) आई बरी आहे, फक्त बोलत नाही. बाबा बरे आहेत, फक्त गाडीबद्दलच बोलतात. मी बरी आहे, फक्त माझी झोप उडाली आहे. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुझा फोन आला की बाबा तो स्पीकरवर लावून मध्येच बसतात. म्हणून पत्र. अक्षर मुद्दाम ठसठशीत काढलं आहे.

बाबा संध्याकाळी हॉस्पिटलमधल्या चार नर्सना घरी सोडतात, हे तुला माहीतच आहे. तर गेले काही महिने त्यांची एकच तक्रार होती, की गाडीचे दिवे म्हातारे झाले, रस्ता दिसत नाही. आधी त्यांनी काचा टूथपेस्टने घासल्या. मग बल्ब बदलले. मग वायरिंग तपासून घेतलं. रस्ता काही दिसेना. आत्या, तू आपल्या घराण्यातली सगळ्यात मोठी, तेव्हा तुला हे सांगायला नको. आजोबांना ऐकू येईनासं झालं तेव्हा रेडिओ तीनदा दुरुस्तीला गेला. आईच्या सुईत दोरा जाईना तेव्हा तिने सुयांची अख्खी पुडी बदलून आणली. तुझा गुडघा धरला तेव्हा तू गवंडी बोलावून पायरी ठेंगणी करून घेतलीस. (राग मानू नकोस, पायरी खरंच छान झाली आहे.) आपल्याकडे माणूस कधी बिघडत नाही, वस्तू बिघडते.

वायरिंगवाल्याने झेनॉनचे दिवे सुचवले. हा वायरिंगवाला कशालाही ‘होऊन जाईल’ म्हणतो, त्यामुळे आम्ही त्याला तेच नाव ठेवलं आहे. घरात शिकलेली मी एकटी, तेव्हा औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय इथपासून भिंतीला ओल का येते इथपर्यंत सगळं मलाच विचारतात, आणि मला येत नसलं तर मी रात्रभर वाचून सकाळी सांगते. दिव्यांचंही वाचलं. आपल्या गाडीच्या दिव्याची वाटी जुन्या बल्बसाठी घडवलेली आहे. तिच्यात झेनॉन बसवला तर उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी चहूकडे उधळतो, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. त्यासाठी भिंग असलेली वेगळी वाटी लागते, दिवे खाली झुकवून नेमके लावावे लागतात. हे सगळं मी होऊन-जाईलला सांगितलं. तो म्हणाला, “ताई, वाचायचा रस्ता वेगळा, चालवायचा वेगळा.” आणि बाबा त्याला कौतुकाने म्हणाले, “आमची फार वाचते हो.” मी वाद सोडला. आणि खरं सांगायचं तर दोष दिव्यांतच निघावा, असं मलाही वाटत होतं.

पहिल्या संध्याकाळी दिवे लागले. आधी निळसर लुकलुकले, मग दुधासारखे पांढरे झाले, आणि समोरच्या घराचा वरचा मजला लख्ख उजळला. तिथे एक गृहस्थ बनियनवर केसांना कलप लावत उभे होते. ते ब्रशसकट आत पळाले, आणि त्यांच्या खिडकीला तेव्हापासून जाड पडदा आहे. रस्त्यावर तर समोरून येणारी प्रत्येक गाडी आमच्याकडे बघून दिवे उघडझाप करायला लागली. ती बिचारी विनवत होती, की बाबा रे, दिवे खाली कर. बाबांना वाटलं, सगळे ओळख देताहेत. ते प्रत्येकाला हात वर करून उत्तर देत होते. “बघ,” मला म्हणाले, “इतकी वर्षं गाडी चालवली ती काय उगीच? माणसं विसरत नाहीत.” एका ट्रकवाल्याने खिडकीतून आमच्या सात पिढ्यांचा उल्लेख केला. बाबा म्हणाले, “घाईत दिसतो.” दुसऱ्या दिवसापासून शाळेत शिकवायला जाताना, बसस्टॉपवर डोळे चोळणारा कुणी दिसला, की याची माफी मागावी का, असा विचार माझ्या मनात यायचा. (एकाची मागितलीही. त्याच्या डोळ्यात कचरा गेला होता.)

तेव्हापासून मी रोज पुढच्या सीटवर बसून त्यांच्याबरोबर जाते. सोबत म्हणून, असं घरात सांगितलंय. ‘बाबा, सांभाळा’ असं म्हणायची सोय नाही, म्हणून मी आपली गप्पा मारते. “अय्या, उजवीकडे किती गोड कुत्रा आहे, रस्त्याच्या अगदी मधोमध!” “या सायकलवाल्या काकांचा शर्ट बघा, किती जवळ आलाय!” “हा खड्डा मागच्या आठवड्यात नव्हता, नाही?” मागे बसलेल्या चौघीजणी पहिले दोन दिवस हसल्या, मग हसेनाशा झाल्या. त्यांच्यातल्या मोठ्या सिस्टर उतरताना म्हणाल्या, “तुला कुत्र्यांची फार आवड दिसते.” मी हो म्हटलं. मग माझा हात धरून हळूच म्हणाल्या, “डोळे कधी तपासले होते?” मी म्हटलं, “माझे?” त्या म्हणाल्या, “बरं. तुझे.” दुसऱ्या दिवशीही त्या गाडीत बसल्या, पण पर्स पोटाशी घट्ट धरून आणि दाराच्या बाजूला.

आता खांबाचं. चौघींना सोडून आम्ही घरी परत आलो होतो. आपल्या फाटकाचा डावा खांब, ज्याच्यावर मी लहानपणी चढून बसायची, तो दिव्यांच्या उजेडात इतका स्वच्छ दिसत होता, की त्याच्यावरचा पोपडा, मुंग्यांची रांग, जुन्या पत्रपेटीचा खिळा, सगळं दिसत होतं. इतका उजेड, शिवाय आपलंच फाटक, म्हणून मी गप्प बसले. त्या दिवसातली तेवढी एकच वस्तू मी त्यांना सांगितली नाही. बाबा तोंडाने शीळ घालत होते. शीळ न तोडता त्यांनी गाडी सरळ खांबावर घातली. ब्रेक लागला तो आवाज झाल्यानंतर.

कुणाला लागलं नाही. डावा दिवा फुटला, उजवा आकाशाकडे बघत जळत राहिला. बाबा उतरले, खांबाला हात लावून पाहिला, मग आणखी एकदा लावला. मग म्हणाले, “उजेड जास्त झाला. डोळे दिपले.” आई दारात उभी होती, ती वळून आत गेली. होऊन-जाईल म्हणतो उजेड कमी करता येईल, शनिवारी गाडी देतो. तोवर सिस्टर बसने जाताहेत. आणि बाबांनी गवंड्याला बोलावणं धाडलंय, खांब हातभर बाजूला घ्यायला. (गवंडी तुझाच, पायरीवाला.)

मी आईला म्हटलं, आपण बाबांना स्पष्ट सांगू. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “ड्रायव्हरला डोळ्यांचं विचारू नये. त्याला मग सकाळी उठायला कारण राहत नाही.” यावर मला वाचून सांगता येईल असं काही सापडलेलं नाही.

आणखी काय लिहू? उरलेलं भेटीत. शेजारणीला माझा नमस्कार सांगू नकोस, उगीच तुमच्यात वाढायचं.

तुझी लाडकी भाची

ता. क. : पत्राचं खरं कारण वर लिहायचा धीर झाला नाही. आत्या, तू इकडे ये आणि तुला नीट दिसत नाही असं बाबांना सांग. तू म्हणालीस तर ते तुला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जातील, तुला एकटीला कधीच सोडणार नाहीत. तिथे तुझा नंबर लागला, की तपासायच्या खुर्चीपाशी थांबून त्यांना म्हण, ‘धाकट्या, मला भीती वाटते, आधी तू बसून दाखव.’ तू धाकट्या म्हटल्यावर त्यांनी आजवर कशालाही नाही म्हटलेलं नाही. मोतीबिंदू असेल तर निघतो, मी वाचलंय. मग सकाळी उठायचं कारणही राहील.

ता. क. २ : माझ्यामुळे तुला खोटं बोलावं लागणार, हे मनाला फार लागून राहिलं होतं. मग तुझं मागचं पत्र पुन्हा काढून पाहिलं. त्यात तू गुडघ्याबद्दलच्या ओळी शेजारणीबद्दलच्या ओळींवरच लिहिल्या आहेत. तेव्हा खोटं बोलावं लागेल असं वाटत नाही. माझं ओझं उतरलं. तुझ्यावर चढलं असेल तर क्षमा कर.

ता. क. ३ : हे लिहीत असताना बाबा मागे येऊन उभे राहिले. पत्र झाकायला वेळच मिळाला नाही. पानं टेबलावर उघडी पसरलेली होती. त्यांनी वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं, “कुणाला?” मी तुझं नाव सांगितलं. खूश झाले. “माझीही सही घे,” म्हणाले, आणि माझ्या हातून पेन घेतलं. खांबाच्या परिच्छेदावर आडवी पसरलेली सही दिसते आहे ना, ती त्यांची. त्यांना तिथे कोरी जागा दिसली. जाताना म्हणाले, या खोलीतला बल्ब फार मंद आहे, बदलायला हवा. आणि तुला निरोप दिलाय, की रविवारी ये, तोवर गाडी आलेली असेल, ते स्वतः स्टेशनवर घ्यायला येतील.

आत्या, तू शुक्रवारच्या आत ये. बसने ये.