वन्संचे हक्क

४ सप्टेंबर
आज आलं : मनोरुग्णालयातून बिनतिकिटाचं बैरंग पत्र एक. पोस्टमनला मी मोजला दंड दहा रुपये. पाठवणार नणंदबाई! आत जाऊन बारा दिवस, तेवढ्यात हक्क उमगले. "वहिनी, इथे भिंतीवर लिहिलंय— पत्र लिहिण्याचा हक्क, फुकट वकिलाचा हक्क, मानसिक आरोग्य मंडळापुढे दाद मागण्याचा हक्क." हक्क त्यांचे, दंड माझा. छान!

५ सप्टेंबर
हे म्हणाले, "वेड्याला कसले हक्क? फाड ते." फाडलं नाही. मागची बाजू कोरी आहे.

८ सप्टेंबर
मंडळाची नोटीस. वन्संनी दाद मागितलीच! सोमवारी सुनावणी, साक्षीदाराने हजर राहावं. साक्षीदार म्हणजे अस्मादिक. दाखल करतानाच्या अर्जात माझी सही आहे— "भावावर कात्री उगारताना डोळ्यांनी पाहिलं." काय माझी नजर! तेव्हा मी देवळात होते. चार गल्ल्या पलीकडचं दिसलं, म्हणजे देव पावलाच म्हणायचा.
"नुसती सही तर करायचीय," हे म्हणाले होते. केली. मॅट्रिक झाले ती त्याचसाठी.

१० सप्टेंबर
ह्यांनी साक्ष पाठ करून घेतली. "उजव्या हातात कात्री होती."
"वन्सं डावखुऱ्या आहेत."
"मग डाव्या म्हण!"

११ सप्टेंबर
लांब टेबल, तीन माणसं, मध्ये न्यायाधीशबाई. वन्सं केवढ्या वाळल्यात! केस कापलेत— न विचारता. म्हणाल्या, "दादा माझं शिलाईमशीन विकायला काढत होता. मी कापड बेतत होते, कात्री हातातच होती. ओरडले, हे खरं. उगारली नाही."
बाईंनी मला विचारलं, "तुम्ही पाहिलंत?"
हे खोकले.
"हो," म्हटलं.
वन्सं भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "वहिनी रोज वही लिहितात. तिच्यात खोटं नसतं."
बाई म्हणाल्या, "खासगी वही आम्ही मागवत नाही. त्यांचाही हक्क आहे." निकाल शुक्रवारी.
वा! मलाही एक हक्क मिळाला— तोंड मिटून बसण्याचा.

१२ सप्टेंबर
जपात मन लागेना. देवाचं बरं आहे. तो कुणाची सही मागत नाही.

१३ सप्टेंबर
न्यायाधीशबाई, ही वही रजिस्टर पोस्टाने तुम्हालाच पाठवते आहे. २३ ऑगस्टचं पान काढा : "सायंकाळी देवळात. परतले तेव्हा वन्संना गाडीत घातलं होतं." सही माझी आहे, पाहिलं काहीच नाही. सोमवारी खोटं बोलले. त्याची जी शिक्षा असेल ती लावा. वन्संना न्यायला कधी येऊ, ते उलटटपाली कळवा. पाकिटावर नाव माझं घाला.