हात बायकोचे

३ जानेवारी
लेकीचा फोन. महिनाअखेर नव्या घरात राहायला जाणार, हॉलसाठी आईचं पोर्ट्रेट हवंय. म्हटलं, आठवड्यात देतो. सत्तावीस वर्षं लोकांचे चेहरे रंगवतोय. हा तर घरचाच चेहरा, डाव्या हातचा मळ. उद्या सुरुवात.

५ जानेवारी
कालचा दिवस ब्रश धुण्यात गेला. आज कॅनव्हास ताणला. लेक म्हणाली, एखादा फोटो शोधू का? साफ नाही म्हटलं. फोटोवरून काढणारे वेगळे. बायको जाऊन आठच महिने झालेत, चेहरा काय विसरणार आहे मी?

९ जानेवारी
खुर्ची झाली. निळा स्वेटर झाला, कोपरावरच्या रफूसकट. हात तर एका बैठकीत उतरले. अंगठ्याजवळचा इस्त्रीच्या चटक्याचा डागही आपोआप आला. येणारच. गिऱ्हाइकं चेहऱ्यापुरती तासभर बसतात, घड्याळ बघतात, जातात. मग त्यांचा कोट घालून ही बसायची. बँकेचे चेअरमन, दोन प्राचार्य, एक न्यायाधीश, सगळ्यांचे हात हिचेच. चेअरमन कुरकुरले होते, हा डाग माझा नाही म्हणून. मी म्हटलं, कलेतलं तुम्हाला काय कळतं!
चेहरा उद्या.

१४ जानेवारी, सकाळी ११
चेहरा पुसला. उजेड बरा नव्हता.

१६ जानेवारी
चेहरा पुसला. नाक शेजारीणबाईंचं आलं.

१९ जानेवारी
लेकीला सहज म्हटलं, एखादा फोटो पाठव, फक्त केसांसाठी. म्हणाली, अहो बाबा, फोटो आईच काढायची ना, ती कशात असणार? शेवटी पासपोर्टचा मिळाला. त्यात ती कोणीही वाटते.

२३ जानेवारी
बँकेत जाऊन आलो, अभ्यास म्हणून. चेअरमन आता वॉटर कूलरच्या मागे टांगलेत. वॉचमनने विचारलं, साहेब ओळखीचे का? म्हटलं, हात ओळखीचे आहेत. रडू येईल म्हणून जादा रुमाल नेला होता. नाही आलं. पाय दुखले.

२७ जानेवारी
ती बसायची तेव्हा मानेच्या वर मी बघायचोच नाही. कॅनव्हासवर तिथे चेअरमनचं डोकं आधीच झालेलं असायचं. ती बोलायची मात्र. काय बोलायची कोण जाणे. मी म्हणायचो, हलू नकोस.

३१ जानेवारी
लेक आली. पुसून पुसून चेहऱ्याच्या जागी कॅनव्हासचे धागे निघालेत. म्हटलं, मंगळवारपर्यंत नक्की. तिने त्या डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, राहू द्या बाबा, एवढंच द्या. टॅक्सीत मावेना, आडवं धरून नेलं.

१ फेब्रुवारी
एकंदरीत चित्र पसंत पडलं म्हणायचं. हल्ली चेहरा नसलेलंही चालतं.
कारखान्याच्या डायरेक्टरचं काम आलंय. चेहऱ्यासाठी तासभर देणार आहेत. कोट आजच पाठवला. खुर्चीच्या पाठीला अडकवून ठेवलाय. सकाळपासून दोनदा हाक मारली, चल, बस म्हणून.