बर्मिंगहॅमला गेलेला मुराळी

मुक्काम बर्मिंगहॅम, विलायत
कार्तिक, सन १९७४

तीर्थरूप सोपानमामांच्या पायांवर गेणबाचं डोकं. इकडे मी, म्हाळसा आणि तिचे मालक संपतराव धडधाकट आहोत. तुमचा गुडघा, मामींचा दमा आणि शिरूरच्या बाजारातला कांद्याचा भाव यांपैकी काय चढलं, काय उतरलं ते कळवावं. (भाव उतरला असेल तर कळवू नये. इतक्या लांबून काही करता येत नाही.)

आई चौकशीला तुमच्याकडे आली असेलच, म्हणून आधीच सांगतो. बहिणीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी न्यायचं म्हणून मी मुराळी होऊन आलोय, आणि आमच्या कवठ्याचा मुराळी आजवर कुठल्याही दारातून रिकामा परतलेला नाही. मीही परतणार नाही. आईनं खोली सारवलीय, बाज नव्यानं विणून घेतलीय. म्हाळसाला घेऊनच येईन, हे तिला ठणकावून सांगा.

देश चांगला आहे, पण मुका आहे. रस्त्यानं जाताना कुणी कुणाला 'कुठं निघालात?' म्हणून विचारत नाही. पहिल्या दिवशी मीच भेटेल त्याला विचारत सुटलो, तर एका म्हातारीनं घाबरून पिशवी छातीशी धरली. सूर्य दुपारच्या चहालाच मावळतो. घरं एकमेकांना चिकटलेली आणि माणसं दारं लावून आत. धोतराचं तर विचारू नका, इथला वारा खालून येतो. शेवटी आत संपतरावांची विजार आणि वर माझं धोतर अशी तडजोड केलीय. दौंडच्या रेल्वे शेडमध्ये होते तेव्हा संपतराव किती बोलायचे, आठवतं ना? इथल्या कारखान्यात लागल्यापासून 'थँक्यू' आणि 'सॉरी' एवढ्यावर दिवस काढतात.

आता रीत तुम्हाला ठाऊक आहे. मुराळ्यानं पोरीला परस्पर उचलायचं नसतं, सासरच्या वडीलधाऱ्यांनी हो म्हणावं लागतं. संपतरावांचे आईवडील हयात नाहीत, म्हणून त्यांनाच विचारलं. तर म्हणाले, "माझं काय चालतंय? नर्सबाई म्हनतील तसं." ही नर्सबाई म्हणजे इथली सरकारी सुईण, सायकलवरून येते. ती आली की संपतराव उभे राहतात आणि म्हाळसा आडवी होते. ती म्हणेल तेव्हा दूध प्यायचं, म्हणेल तेव्हा चालायचं. मी मनात म्हटलं, चला, सासू सापडली!

तिच्या पुढच्या फेरीला मी फेटा बांधून तयार. आईनं ओटीसाठी दिलेला खण-नारळ ताटात ठेवला. पाट नव्हता म्हणून बाईंना स्टुलावर बसवलं, म्हाळसाला कुंकू लावायला सांगितलं, आणि हात जोडून रीतसर मागणं घातलं, की विहीणबाई, पोरगी आमच्याकडे धाडा, बाळाला सव्वा महिना झाला की सुखरूप आणून घालतो. संपतरावांनी घाम पुसत इंग्रजी केलं. बाई इतक्या खूश झाल्या की खण गळ्याला गुंडाळूनच सायकलवर बसल्या. आणि बसल्या बसल्या म्हणाल्या, नाही. महिने भरत आलेत, विमानवाले घेणार नाहीत, आणि त्यांनी घेतलं तरी मी सोडणार नाही.

असली खाष्ट विहीण मी जन्मात पाहिली नाही. पण मीही हटलो नाही. परवानगी मिळेपर्यंत उठायचं नाही म्हणून दारातल्या पायरीवर धरणं धरलं. (माझ्या थोरल्या आत्याला आजोबांनी कुरकुंभहून असंच आणलं होतं.) पण या लोकांना धरण्याची कदर नाही. शेजारीण चहा ठेवून गेली. मग कुणीतरी अंगावर घोंगडी टाकली. मग पोलीस आला. संपतरावांनी त्याला काय सांगितलं देव जाणे, तोही चहा पिऊन गेला.

पाय पार बधिर झाले तेव्हा म्हाळसा पोट सावरत बाहेर आली आणि शेजारी टेकली. म्हणाली, "दादा, ऊठ. मला इमानात घेनार न्हाईत, हे मला ठावं हुतं." मी म्हटलं, मग बोलावलंस कशाला? तर खाली बघत म्हणाली, "न्यायला ये म्हनलं नसतं, तर माझ्या माह्यारचं इतक्या लांब कोन आलं असतं?" मामा, मला रडू आलं. पोलिसासमोर आलं नव्हतं, ते तिथं आलं.

असो. एकूण सगळं ठीक आहे, काळजी नसावी. धाकट्यांना पापे.

तुमचा भाचा,
गेणबा

ता. क. वर 'घेऊनच येईन' असं लिहिलंय, तेवढं आईला वाचून दाखवू नका. म्हाळसा येत नाही, आणि तिची सुटका होईपर्यंत मीही हलत नाही. हे आईला तुम्हीच सांगायचं आहे, खरं तर पत्र त्यासाठीच लिहिलं. सांगताना तिच्या हातात उलथनं नसेल एवढं बघा.

आणखी ता. क. अळीव, डिंक आणि बाळंतशेपा पाठवा. लाडू कसे वळायचे ते मामींना विचारून नीट लिहा. वळणारा मीच आहे.

शेवटचा ता. क. आई म्हणेल, बाप्याला काय जमतंय माहेरपण? तिला सांगा, काल मी भाकरी केली. एका अंगानं करपली, दुसऱ्या अंगानं कच्ची, मधे भोक. आपली म्हाळसा, जिनं तुमच्या थोरल्याच्या लग्नात बुंदीलासुद्धा नावं ठेवली, तिनं ती सगळी खाल्ली आणि एक शब्द बोलली नाही.