मधला ठिपका

३ नोव्हेंबर, सोमवार

गुरुवारी डोळ्याचं ऑपरेशन. उजव्या. डावा लहानपणापासून अधू, त्यामुळे सगळी भिस्त याच्यावरच. डॉक्टर म्हणाले, "मोतीबिंदू पिकलाय मॅडम, उशीर केलात." केला. दक्षताचं काम हातातून जाईल या भीतीने केला.

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, संपलं आता विज्ञान. मग माझी जुनी विद्यार्थिनी दक्षता आंबिवलीहून इथे कळव्याला घरी आली. पीएचडी करतेय. "टीचर, दीर्घिकांचे फोटो बघाल का?" काही दीर्घिकांच्या अगदी मध्यभागी लाखो तारे एकमेकांना खेटून असतात – फोटोत त्यांचा एक टोकदार ठिपका दिसतो. काहींत ठिपका नसतो, नुसता उजेड दाट होत जातो. कॉम्प्युटर तिथे फसतो. म्हणून मी बघायचं आणि खूण करायची, आहे की नाही. हल्ली एकेक फोटो मोठा करून, नाक स्क्रीनला लावून बघावा लागतो. पण देवाची कृपाच. माझ्या वयाच्या बाईला असलं काम कोण देतं?

नेविलला सगळे फोटो सारखेच. "मच्छरांनी घाण केल्यासारखं दिसतंय," म्हणतो. नवरा आहे, काय करणार!

६ नोव्हेंबर

झालं. दुखलं नाही. नौपाड्याच्या दवाखान्यातली सिस्टर शेवटपर्यंत हात धरून होती. नावसुद्धा विचारलं नाही मी तिचं. भलं होवो तिचं.

१४ नोव्हेंबर

पडदे निळे आहेत! इतके दिवस राखाडी समजत होते. नेविलच्या हनुवटीवरचे पांढरे खुंटही दिसले. चहा त्यानेच केला, साखर विसरला. मुकाट्याने प्यायले. आठवडाभर औषधाचे थेंब न चुकता त्यानेच घातलेत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टरांनी स्क्रीन बघायला परवानगी दिली. हौसेने आधी जुन्या खुणा उघडल्या. जिथे 'नाही' म्हटलंय तिथे ठिपका लख्ख दिसतोय. पुढच्या फोटोतही. जिथे 'आहे' म्हटलंय तिथे नुसता उजेड. यावर त्या पोरीचा प्रबंध उभा आहे, आणि तो पुढच्या महिन्यात द्यायचाय.

तिला लगेच कळवलं – माझे डोळे गेले होते, माझ्या सगळ्या खुणा काढून टाक, मलाही मोकळं कर. लिहिताना रडू आलं.

नेविल म्हणाला, "सगळ्या कशाला? जरा थांब ना गो." मी खेकसले त्याच्यावर. त्याला काय कळतंय यातलं?

१६ नोव्हेंबर

दक्षताचा फोन नाही. जेवण गेलं नाही. तरी दिसतंय, एवढ्याचे आभार मानले.

१७ नोव्हेंबर

फोन आला. "टीचर, हेच फोटो बघणाऱ्या बाकीच्यांच्या खुणांशी तुमच्या खुणा ताडून बघितल्या. जवळजवळ सगळ्या बरोबर आहेत. चुकल्यात त्या फक्त रविवारी सकाळच्या, प्रत्येक खुणेची वेळ नोंदलेली असते ना. तेवढ्या काढल्या. तुम्ही कुठे जायचं नाही."

रविवारी सकाळी मी चर्चमध्ये असते. घरी नेविल असतो, गुडघ्याचं निमित्त काढून.

विचारलं. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "तुझे फोटो मागे पडत होते. काम जाईल म्हणून रडायचीस ना."